'प्रेडेटर' म्हणजे लुटारू : इंग्रजीतील हिंस्रतावाचक शब्दांचा इतिहास

वाघ म्हटले तरी खाणार आणि वाघोबा म्हटले तरी खाणार, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. नावाने वस्तूचा स्वभाव पालटत नाही, हा तिचा अर्थ. वाघापुरते पाहिल्यास ती निर्विवाद खरी आहे. परंतु नाव देणाऱ्या माणसाचे काय? एखाद्या जनावरास 'लुटारू' म्हटले म्हणजे त्या जनावरात बदल होत नाही. पण त्याच्याशी कसे वागावे ह्याविषयी माणसाने आपल्या मनाशी एक निर्णय करून टाकलेला असतो. प्रस्तुत निबंधात इंग्रजी भाषेतील हिंस्र पशू व हिंस्रता यांच्या वाचक शब्दांचा इतिहास ह्या दृष्टीने पाहावयाचा आहे. ह्या शब्दांतील एक मोठा व प्रभावी गट निसर्गाच्या निरीक्षणातून नव्हे, तर युद्ध, लूट व मालमत्ता यांच्या व्यवहारातून आला आहे, हे दाखविणे हा त्याचा हेतू होय. शास्त्रीय ग्रंथांचे मराठीकरण करताना ह्याच शब्दांना प्रतिशब्द योजावे लागत असल्यामुळे हा विषय आपणांस सर्वस्वी परका नाही.

१. प्राचीन इंग्रजीचा थर

नॉर्मन विजयापूर्वीच्या, म्हणजे इ. स. १०६६ पूर्वीच्या इंग्रजीत पशूसाठी सामान्य शब्द 'देओर' हा होता. लांडगा, अस्वल, रानडुक्कर हे सर्व 'देओर'च. आजच्या 'विल्डरनेस' ह्या शब्दाच्या पोटात तो अजून दडलेला आहे. 'रानटी देओरांचे ठिकाण' असा त्याचा मूळ अर्थ. पुढे फ्रेंचमधून 'बीस्ट' आणि त्यानंतर लॅटिनमधून 'ॲनिमल' हे शब्द आले व 'देओर'चे क्षेत्र आकुंचित होत होत तो आजचा 'डिअर', म्हणजे केवळ हरीण, होऊन बसला. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकात उंदरांसारख्या क्षुद्र प्राण्यांना उद्देशून हा शब्द आला आहे. जुना अर्थ सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत अगदीच विसरला गेला नव्हता, असे त्यावरून दिसते.

संस्कृतज्ञ वाचकांना येथे 'मृग' शब्दाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. वेदभाषेत 'मृग' म्हणजे रानातील कोणतेही जनावर. भयंकर श्वापदासही तो शब्द लागतो. सिंहास 'मृगेंद्र' म्हणतात, वानरास 'शाखामृग' म्हणतात, आणि 'मृगया' म्हणजे केवळ हरणांचीच शिकार नव्हे. पुढे हाच शब्द हरणापुरता उरला. दोन भाषांत, परस्परांशी संपर्क नसताना, एकच अर्थसंकोच घडून आला, ह्याचे कारण उघड आहे. बोलणाऱ्या समाजातील वजनदार वर्गाच्या दृष्टीने रानातील जनावर म्हणजे मुख्यतः शिकारीचे जनावर, आणि शिकारीचे जनावर म्हणजे मुख्यतः हरीण. जनावराचे नाव त्याच्या स्वतःच्या गुणावरून नव्हे, तर माणसाला त्याचा जो उपयोग आहे त्यावरून स्थिर झाले.

हिंस्रतेसाठी ह्या काळात 'ग्रिम', 'रेथे', 'वेल्ह्रेओव' असे अनेक शब्द होते. त्यांपैकी 'रेथे' व 'वेल्ह्रेओव' लुप्त झाले. 'ग्रिम'चा मूळचा क्रूरतेचा अर्थ सौम्य होऊन आज तो मुख्यतः उदास किंवा कठोर अशा अर्थी वापरला जातो. 'केने' म्हणजे धीट, शूर. त्याचाच आजचा 'कीन' धारदार व उत्सुक एवढ्यापुरता उरला आहे. हे शब्द योद्ध्यांस व श्वापदांस सारखेच लागत. लांडगा हा तर माणसाच्या नावात मानाने मिरविणारा प्राणी होता; एथेलवुल्फ, वुल्फस्टन ही राजांची व बिशपांची नावे आहेत. आपल्याकडे भीमास 'वृकोदर' म्हणतात त्यात खादाडपणाचा विनोद असला तरी तिरस्कार नाही. 'वुल्फ' व 'वृक' हे एकाच मूळ भारत-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत, हे सुपरिचितच आहे.

२. फ्रेंच थर : गर्व, अरण्य, रक्त

नॉर्मन राजवटीनंतरच्या तीन शतकांत इंग्रजीचा हा शब्दसंग्रह जवळजवळ नव्याने घडला. त्यातील तीन शब्द विशेष विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला 'फिअर्स'. लॅटिन 'फेरुस' म्हणजे रानटी, न माणसाळलेला. ह्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये जो शब्द झाला त्याला उग्र व शूर ह्यांबरोबर मानी असाही अर्थ आला. आजच्या फ्रेंचमधील 'फिएर' म्हणजे केवळ अभिमानी. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा तोही शूर सरदाराचे विशेषण म्हणून वावरत होता. प्रतिष्ठेची ही छटा ओसरल्यावर उग्रता तेवढी मागे राहिली.

दुसरा 'सॅव्हेज'. लॅटिन 'सिल्वा' म्हणजे अरण्य. त्यावरून 'सिल्वातिकुस', म्हणजे अरण्यातील. त्याचे फ्रेंच रूप 'सोव्हाज' व इंग्रजी रूप 'सॅव्हेज'. मराठीत 'रान'पासून 'रानटी' व 'जंगल'पासून 'जंगली' झाले, तोच हा मार्ग. स्थलवाचक शब्द स्वभाववाचक होतो आणि मग त्या स्थळी राहणाऱ्या माणसांवर तोच स्वभाव लादला जातो.

तिसरा 'क्रूएल'. लॅटिन 'क्रुदेलिस', तिच्या मुळाशी 'क्रुदुस' म्हणजे कच्चा, रक्ताळलेला, आणि 'क्रुओर' म्हणजे सांडलेले रक्त. आपला 'क्रूर' शब्द ह्याच कुळातला. 'क्रविस्' म्हणजे कच्चे मांस व 'क्रव्याद' म्हणजे ते खाणारा, हे त्याचे सोयरे. इंग्रजीतील 'रॉ', म्हणजे कच्चा, हाही त्याच घराण्यातला आहे. कच्चे मांस खाणे आणि निर्दय असणे ह्या दोन गोष्टींची सांगड अशा रीतीने फार प्राचीन काळी पडली. वस्तुतः पहिली गोष्ट शरीरधर्माची व दुसरी नीतीची. जे जनावर अग्नी पेटवू शकत नाही त्याने मांस कच्चे खावे ह्यात निर्दयतेचा संबंध नाही. पण भाषेने तो जोडून ठेवला.

३. लुटीचे शब्द

आता मुख्य गटाकडे वळू. लॅटिन 'प्राएदा' म्हणजे युद्धात हस्तगत केलेली लूट. 'पकडणे' ह्या अर्थाच्या धातूपासून तो बनला आहे. त्याचे फ्रेंच रूप इंग्रजीत 'प्रे' म्हणून तेराव्या शतकात आले तेव्हा त्याचा अर्थ लूट असा होता. शिकारी प्राण्याचे भक्ष्य हा अर्थ त्याच्या पाठोपाठ रूढ झाला. 'प्राएदातोर' म्हणजे लुटारू. त्यावरून 'प्रेडेटरी' हे विशेषण सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आले, तेही प्रथम माणसांच्या लुटालुटीविषयी. प्राण्यांना ते सतराव्या शतकात लागू लागले.

'रॅव्हनस' ह्या शब्दाविषयी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. डोमकावळ्यास इंग्रजीत 'रेव्हन' म्हणतात व त्याच्या अधाशीपणावरून हा शब्द झाला असावा, असे सहज वाटते. तसे नाही. पक्ष्याचे नाव जर्मानिक कुळातील आहे. विशेषणाचे मूळ लॅटिन 'रापीना', म्हणजे जबरदस्तीने हिसकावून नेणे, हे आहे. लुटीचा हपापलेला हा त्याचा पहिला अर्थ. भुकेने वखवखलेला हा त्यानंतरचा. त्याच 'रापेरे' धातूपासून 'रपेशस' म्हणजे लोभी, व 'रॅप्टर' म्हणजे शिकारी पक्षी, हे शब्द आले आहेत. लॅटिनमध्ये 'राप्तोर' हा दरोडेखोर किंवा अपहरण करणारा माणूस होता.

अस्सल इंग्रजी शब्दांतही हीच चाल दिसते. 'फँग' म्हणजे आज सुळा. परंतु प्राचीन इंग्रजीत 'फँग' म्हणजे पकड, लूट. धरणे ह्या अर्थाच्या 'फोन' ह्या क्रियापदापासून तो झाला आहे. सुळा हा अर्थ सोळाव्या शतकातला. म्हणजे लुटीचे नाव लूट धरणाऱ्या दाताला मिळाले. मुंगसासारख्या सडपातळ अशा 'फेरेट' ह्या माणसाळविलेल्या प्राण्याचे नाव लॅटिन 'फूर', म्हणजे चोर, ह्यावरून आले; त्याचा अर्थ 'लहानगा चोर'. मुंगसाचे इंग्रजी नाव 'मुंगूस' ह्या आपल्याच शब्दावरून सतराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे गेले. त्यात मात्र असा कोणताही आरोप नाही.

'वरी' ह्या शब्दाची कथा ह्याहून उद्बोधक आहे. प्राचीन इंग्रजीत 'वुर्गन' म्हणजे गळा आवळून मारणे. मध्ययुगात कुत्र्याने किंवा लांडग्याने मेंढराची मानगूट धरून त्यास झिंजाडणे ह्या अर्थी तो वापरात आला. तेथून सतावणे, आणि शेवटी एकोणिसाव्या शतकात मनाने चिंता करणे. आपल्या 'काळजी'चे नाते 'काळजा'शी आहे. इंग्रजांच्या चिंतेचे नाते मेंढराच्या मानगुटीशी आहे. जुना अर्थ अद्याप मेलेला नाही : ब्रिटनच्या १९५३ च्या पशुधनसंरक्षक कायद्यात कुत्र्याने गुरामेंढरांवर हल्ला करणे ह्यासाठी हेच क्रियापद योजिले आहे.

ह्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. लूट किंवा चोरी होण्यासाठी ती वस्तू आधी कोणाच्या तरी मालकीची असावी लागते. रानातील ससा कोल्ह्याने मारला तर कोणाचे काय लुटले? ज्याने हे शब्द प्रथम जनावरांना लावले त्याच्या डोळ्यांसमोर मेंढरांचा कळप, कोंबड्यांचे खुराडे किंवा राजाचे राखीव हरीण असले पाहिजे. ही दृष्टी केवळ इंग्रजांची आहे असेही नाही. वैदिक निघंटूत चोराच्या नावांमध्ये 'वृक' हा शब्द दिलेला आहे. पशुपालक समाजास लांडगा चोर वाटावा हे स्वाभाविकच होते. परंतु आपल्याकडे पुढे जो सामान्य शब्द रूढ झाला तो 'हिंस्र', म्हणजे इजा करणारा. 'सिंह' शब्दही 'हिंस्' धातूच्या वर्णविपर्ययाने झाला, असे जुने वैयाकरण सांगत. आधुनिक भाषाशास्त्रास ती व्युत्पत्ती मान्य नाही. परंतु आपली परंपरा कोणत्या दिशेने विचार करीत होती हे त्यावरून कळते. आपल्या शब्दात केंद्रस्थानी पीडित जीव आहे, इंग्रजी शब्दात मालक आहे.

४. कायद्यातील लांडगा

शब्दांतील ही दृष्टी कायद्यात उतरली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ज्यास कायद्याबाहेर घोषित केले जाई त्याच्या डोक्यावर 'लांडग्याचे शिर' आले असे म्हणत. म्हणजे त्यास कोणीही ठार मारावे. एडवर्ड द कन्फेसर याच्या नावावर मोडणाऱ्या, परंतु बाराव्या शतकात संकलित झालेल्या कायदेसंग्रहात ही संज्ञा आढळते. लांडगा आधी चोर ठरला होता. आता चोर लांडगा ठरला. उपमेचे चक्र पूर्ण झाले व दोघांचाही वध निर्दोष झाला. १२८१ मध्ये पहिल्या एडवर्डने पीटर कॉर्बेट यास इंग्लंडच्या पश्चिमेकडील पाच परगण्यांतील लांडग्यांचा नायनाट करण्याचा हुकूम दिला. पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास इंग्लंडमधून लांडगा नाहीसा झाला.

लांडगा संपला तरी ही दृष्टी संपली नाही. लॅटिन 'वेर्मिस' म्हणजे किडा; त्यावरून 'व्हर्मिन', म्हणजे उपद्रवी क्षुद्र जीव. ह्या शब्दाचे क्षेत्र 'डिअर'च्या उलट वाढतच गेले. १५६६ मध्ये एलिझाबेथच्या राजवटीत धान्यरक्षणाच्या नावाने जो कायदा झाला त्यात पक्ष्यांपासून कोल्ह्यांपर्यंत अनेक प्राण्यांच्या मुंडक्यांचे दर ठरविण्यात आले व ते पैसे प्रत्येक चर्चच्या हद्दीतील अधिकाऱ्यांनी द्यावयाचे होते. कोल्ह्याच्या किंवा बिज्जूच्या डोक्यास बारा पेन्स मिळत. धान्य न खाणारा कोल्हा धान्यरक्षणाच्या कायद्यात येतो, हे केवळ ह्या व्यापक शब्दामुळे शक्य झाले.

५. विज्ञानाची भाषा

सतराव्या शतकात विद्वानांनी लॅटिनमधून पुन्हा शब्द उचलले. 'फरोशस' व 'फेरल' हे 'फिअर्स'चेच सख्खे भाऊ. फरक एवढाच की, ते फ्रेंचच्या वाटेने न येता ग्रंथांतून आले. लिनियसने १७५८ मध्ये 'सिस्टेमा नातुराए' ह्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत हिंस्र सस्तन प्राण्यांच्या गणास 'फेराए' हे नाव दिले, तेही ह्याच मुळाचे.

'प्रेडेटर' हे नाम प्राणिशास्त्रात एकोणिसाव्या शतकात दिसू लागले आणि विसाव्यात स्थिर झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी मंदावली असता बाजारात येणाऱ्या मासळीत भक्षक माशांचे प्रमाण वाढलेले आढळले. त्याचे कारण शोधताना व्होल्तेरा ह्या इटालियन गणितज्ञाने १९२६ मध्ये भक्षक व भक्ष्य यांच्या संख्येतील चढउतारांची समीकरणे मांडली. लोटका यानेही १९२५ मध्ये स्वतंत्रपणे तीच मांडली होती. ह्या समीकरणांत भक्षक हा गुन्हेगार नाही. तो एका चक्रातील एक राशी आहे. लुटारूपणाचा आशय गळून जाऊन संज्ञा निर्विकार झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु विज्ञानालाही जुन्या शब्दाची बाधा कशी होते ह्याचे एक उदाहरण देतो. १९२३ मध्ये मंगोलियात एका डायनोसॉरचे अवशेष अंड्यांच्या घरट्यावर सापडले. ती अंडी दुसऱ्या जातीची आहेत अशा समजुतीने ऑस्बर्न यांनी १९२४ मध्ये त्यास 'ओव्हिरॅप्टर', म्हणजे 'अंडेचोर', असे नाव दिले. हे नाव दिशाभूल करणारे ठरू शकेल, अशी शंका त्यांनी स्वतःच नमूद केली होती. १९९० नंतरच्या दशकात तशाच अंड्यात ह्याच कुळातील प्राण्याचा गर्भ आढळला. तथाकथित चोर आपल्याच गटातील अंड्यांवर बसलेला होता. नामकरणाच्या नियमांनुसार पहिले नाव कायम राहते, म्हणून तो आजही 'अंडेचोर'च आहे.

६. हिंदुस्थानातील परिणाम

ह्या शब्दांचा आपल्या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध आला तो एकोणिसाव्या शतकात. १८१७–१८ च्या पेंढारी युद्धाच्या सुमारास इंग्रजी कागदपत्रांत 'प्रेडेटरी' हे विशेषण सर्रास आढळते, आणि ते पेंढाऱ्यांपुरते राहत नाही. साताऱ्यास रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफच्या १८२६ मधील मराठ्यांच्या इतिहासात मराठी सत्तेच्या वर्णनात ते पुनःपुन्हा भेटते. तोपर्यंत ह्या शब्दास माणूस व श्वापद हे दोन्ही अर्थ चिकटलेले होते. त्यामुळे एका राज्याच्या महसूलपद्धतीची व लष्करी मोहिमांची चर्चा करण्याचे कारणच उरत नाही. श्वापदाचा बंदोबस्त करावयाचा असतो, त्याच्या राज्यकारभाराचा अभ्यास करावयाचा नसतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये 'राइज ऑफ द मराठा पॉवर' लिहिले तेव्हा मराठ्यांचा उदय हा लुटारूंच्या यशाचा योगायोग नव्हता, हे त्यांना प्रथम सिद्ध करावे लागले. म्हणजे एका विशेषणाचे उत्तर देण्यास पाऊणशे वर्षांनी एक ग्रंथ खर्ची पडला.

प्रत्यक्ष श्वापदांच्या वाट्याला जे आले ते ह्याहून भयंकर होते. इंग्रज सरकारने हिंस्र जनावरांच्या वधासाठी बक्षिसे लावली. महेश रंगराजन यांच्या संशोधनानुसार १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे व सुमारे २,००,००० लांडगे मारले गेले. ह्याचे कारण केवळ शब्द नव्हेत. शेतीचा विस्तार, महसूल आणि शिकारीचा शौक ही मोठी कारणे होती. परंतु ह्या वधास लागणारे नैतिक समर्थन शब्दांतच तयार होते. खुद्द जिम कॉर्बेट यांची साक्ष ह्या बाबतीत मोलाची आहे. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' ह्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात, वाघाच्या क्रौर्याची व रक्तपिपासेची जी ठराविक विशेषणे इंग्रजीत चालत आली होती त्यांस त्यांनी स्पष्ट हरकत घेतली आहे. बहुधा जखम किंवा वार्धक्य ह्यांमुळेच वाघ नरभक्षक बनतो, असे त्यांनी दाखवून दिले. ज्याने चंपावतच्या वाघिणीसारखी नरभक्षक श्वापदे मारली त्यानेच त्यांच्या विशेषणांविरुद्ध तक्रार करावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

'मॅन-ईटर' हा शब्दही सतराव्या शतकाच्या आरंभी नरमांस खाणाऱ्या माणसांसाठी होता. वाघास तो फार नंतर लागला. 'व्हर्मिन'ची कल्पना तर स्वतंत्र भारताच्या कायद्यापर्यंत आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील त्या नावाची अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. तथापि एखाद्या प्राण्यास तसे घोषित करण्याचा केंद्र सरकारचा अधिकार शिल्लक ठेवला आहे.

७. उपसंहार

येथे एक सावधगिरी राखली पाहिजे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे. 'प्रेडेटर' म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात रोमन सैनिकांची लूट नसते, किंवा 'वरी' म्हणणाऱ्याच्या मनात लांडगा नसतो. व्युत्पत्ती सांगते ती एवढेच की, शब्द घडला तेव्हा बोलणारा कोठे उभा होता. ती जागा पुढच्या काळात सुटली की तशीच राहिली, हे प्रत्येक शब्दाच्या प्रत्यक्ष उपयोगावरून ठरवावे लागते. 'कीन'मध्ये ती सुटली; 'व्हर्मिन'मध्ये राहिली; 'प्रेडेटर'मध्ये शास्त्रज्ञांपुरती सुटली, पण व्यवहारात राहिली. आज स्पर्धकास बुडविणाऱ्या किमती, ऋणकोस नागविणारी कर्जे आणि लैंगिक अत्याचार करणारी माणसे ह्यांस तोच शब्द लावतात. लोक समजतात की, जनावराची उपमा माणसास दिली. इतिहास सांगतो की, माणसाचाच शब्द माणसाकडे परत आला आहे.

मराठी पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी म्हणून जीवशास्त्रीय संज्ञेसाठी 'हिंस्र पशू' किंवा 'क्रूर श्वापद' असे प्रतिशब्द योजू नयेत, असे सुचवावेसे वाटते. 'भक्षक' आणि 'भक्ष्य' ही जोडी आपल्याकडे आहे. कोण खातो व कोण खाल्ले जाते एवढेच ती सांगते, कोणाचा अपराध आहे हे सांगत नाही. विद्यार्थी वाघाविषयी प्रथम जे वाक्य वाचतो त्यात इतर भाषांतून आलेला जुना फिर्यादनामा असू नये, एवढी काळजी परिभाषा करणाऱ्यांस घेता येण्यासारखी आहे.